पोत्यावरचा देश

(वस्तीतल्या अभ्यासिकेच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे. आकडे आणि साल तेवढे पुन्हा तपासून घेतले.)

मित्रांनो, आयांनो, बायांनो, आणि मागे जिन्यावर बसलेल्या पोरांनो, जयभीम.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाची फसगत नको. मी मास्तर नाही. मी दहावी पास आहे आणि भूगोलात तर काठावर पास आहे. बंदरात ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. कंटेनर उघडायचा, पोती बाहेर काढायची, ट्रकवर थप्पी मारायची. एक पोतं पन्नास किलोचं. रात्री जमलं तर कविता लिहितो. आणि रविवारी सकाळी विहारात सातवी ते दहावीच्या पोरांना भूगोल शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, त्यांच्याबरोबर मीही शिकतो.

मागच्या महिन्यात आपल्याच एका साथीने बैठकीत मला उभं केलं. म्हणाला, "पोरांना संविधान शिकव. अत्याचारविरोधी कायदा शिकव. हे मोझांबिक कशाला? आपल्या वस्तीत नळाला पाणी नाही आणि तू आफ्रिकेतल्या नद्या शिकवतोस?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य पाठीत आकडा रुतावा तसं रुतलं. त्या साथीचा प्रश्न खोटा नाही. म्हणून आज त्याचं उत्तर द्यायला उभा आहे. तो समोरच बसलाय. त्याने मधेच थांबवलं तरी चालेल.

आधी माझ्या शाळेचा भूगोल ऐका.

माझं गाव मराठवाड्यातलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांचं गाव वेगळं त्यांना वाटेल आपल्याकडे असं नव्हतं. पाचवीत असताना गुरुजींनी सांगितलं, आपल्या गावाचा नकाशा काढून आणा. मी काढला. सुरुवात कुठून करणार? घरापासून. मधोमध आमचं घर, शेजारी हापसा, चिंच, निळा झेंडा, मग ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे गाव. गुरुजींनी तो कागद वर्गासमोर धरला. म्हणाले, "हे बघा, याने गावच गावाबाहेर काढलंय." वर्ग हसला. मग मला म्हणाले, "तुमची वस्ती गावाच्या बाहेर आहे ना? मग नकाशात मधे कशी आली? मारुतीचं देऊळ मधे घे आणि परत काढ."

मी परत काढला. देऊळ मधे घेतलं. पाटलाचा वाडा आला, चावडी आली, शाळा आली. आमची वस्ती खालच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या खालच्या अंगाला. जागा पुरली नाही, म्हणून निम्मी वस्ती समासात गेली. त्या नकाशाला दहापैकी आठ मार्क मिळाले.

भूगोलाचा पहिला धडा मी असा शिकलो. नकाशाच्या मधोमध कोण येणार आणि समासात कोण जाणार, हे हातात पेन्सिल असलेला ठरवतो. आणि मार्क देणारा ठरवतो.

दूरच्या देशांचा भूगोल पुढे आला, तोही असाच. देश, राजधानी, चलन, प्रमुख पिके, प्रमुख खनिजे. तक्ता करा, पाठ करा. त्या देशांत कापूस पिकायचा, पण तो वेचणारी बाई कुठं नव्हती. सोनं निघायचं, पण खाणीत उतरणारा माणूस नव्हता. रबर, कोको, कॉफी, सगळं आपोआप निघायचं आणि आपोआप बोटीवर चढायचं. मला तेव्हा काही वाटलं नाही. आता बोटीवरून उतरलेला माल पाठीवर घेतो तेव्हा कळतं, या जगात आपोआप काहीच चढत नाही आणि आपोआप काहीच उतरत नाही.

आता पोत्याची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरत आला होता. सप्टेंबर असेल. आमच्या टोळीने एक कंटेनर उघडला. आत तूर. एक पोतं फाटलं आणि दाणे माझ्या पायावर सांडले. मी गावात तुरीच्या शेतात वाढलेला माणूस. आई रोजाने तूर कापायला जायची, मी मागून पेंढ्या उचलायचो. नवी तूर आणि जुनी तूर मी डोळे मिटून हाताने ओळखतो. ती तूर नवी होती.

सप्टेंबरात नवी तूर? आपल्याकडे सप्टेंबरात तूर कमरेएवढी हिरवी उभी असते. फूल धरायचं बाकी असतं. कापणी डिसेंबर-जानेवारीत. मग ही आली कुठून? पोत्यावर इंग्रजीत छापलेलं होतं: मोझांबिकचा माल. हा देश मी ऐकला होता, पण कुठं आहे विचाराल तर आफ्रिकेकडे हात केला असता, झालं.

रात्री आईला फोन लावला. माझी आई एक अक्षर शिकलेली नाही. तिला विचारलं, "आये, सप्टेंबरात नवी तूर निघती का?"

"येडा झालास का? दिवाळीच्या मोहरं शेंग तरी धरती का?"

"हितं आलीय. लांबच्या देशातून."

आई जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तिकडं पाऊसपाणी उलटं आसंल."

मित्रांनो, उत्तर गोलार्धात उन्हाळा तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा, हे वाक्य मी शाळेत वीस वेळा लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला आईने सांगितला. मोझांबिकमध्ये पाऊस साधारण नोव्हेंबरला लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत असतो. पाऊस लागला की तूर पेरतात. जुलै-ऑगस्टला काढतात. आपल्या बाजारात जेव्हा जुनी तूर संपत आलेली असते, तेव्हाच त्यांची नवी तूर आपल्या बंदराला लागते. व्यापाऱ्याला हा भूगोल तोंडपाठ असतो. आपल्या पोरांना तो पाठ नसतो, म्हणून आपली पोरं पोती उचलतात.

दुसऱ्या दिवशी सांडलेल्या तुरीतली मूठभर खिशात टाकली आणि फाटक्या पोत्याचा छापलेला तुकडा घडी करून ठेवला. पोरांना दाखवायला. गेटवर झडती झाली. मूठभर तुरीपायी चोर ठरलो. मुकादमाने दोन दिवस हजेरी दिली नाही. तुकडा मात्र वाचला, तो बनियनच्या आत होता. तुमच्यातल्या काही जणांनी तो बघितला आहे. आजही विहाराच्या भिंतीवर तो खिळ्याला लटकतोय. माझ्या दोन रोजांची किंमत दिलेलं ते शैक्षणिक साहित्य आहे.

त्या रविवारी आम्ही सुरुवात केली. जगाचा नकाशा घेतला आणि विषुववृत्तावर दुमडला. मुंबई उत्तरेला १९ अंशावर. तिकडे बैरा नावाचं बंदर आहे, ते दक्षिणेला जवळजवळ २० अंशावर. विषुववृत्तापासून जेवढे लांब आपण, तेवढेच लांब ते. मधे समुद्र एकच, हिंदी महासागर. सरळ रेषेत मोजलं तर मुंबईपासून त्यांचा उत्तरेकडचा किनारा सुमारे पाच हजार किलोमीटर. आपले सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच. म्हणजे मी पहिल्या पाळीला निघतो तेव्हा तिकडचा गोदी कामगार झोपलेला असतो. क्षेत्रफळ सुमारे आठ लाख चौरस किलोमीटर, त्यात अडीच महाराष्ट्र बसतात. पण लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पोरांनी हे सगळं स्वतः मोजलं आणि भागाकार करून काढलं. पाठ करायला मी एक ओळ दिली नाही.

मग एका सातवीतल्या मुलीने विचारलं, "दादा, हा वरचा ग्रीनलंड आफ्रिकेएवढा आहे, मग तिथं किती लोक राहत असतील?"

नकाशा भिंतीवरचा, जुना, कुणीतरी विहाराला दिलेला. त्यात खरंच ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीचा दिसत होता. आम्ही आकडे शोधले. ग्रीनलंड सुमारे २२ लाख चौरस किलोमीटर. आफ्रिका सुमारे ३ कोटी. चौदा ग्रीनलंड आफ्रिकेत मावतील. आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे, आणि नकाशात बघा, आपण केवढे आणि तो केवढा! पोरं चिडली. एक जण म्हणाला, "दादा, नकाशात पण लोचा?"

लोचा कसा होतो ते त्यांना समजावलं. संत्र्याची साल काढा आणि टेबलावर सपाट करा. फाटल्याशिवाय किंवा ताणल्याशिवाय ती सपाट होत नाही. पृथ्वीचंही तेच. मर्केटर नावाच्या माणसाने १५६९ साली एक नकाशा केला. त्यात दोन बंदरांमध्ये सरळ रेघ मारली तर होकायंत्राची दिशा वाटेत कुठं बदलावी लागत नाही. खलाशाच्या कामाचा नकाशा, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. पण ही सोय करायची तर ध्रुवांकडचे देश ताणावे लागतात. विषुववृत्ताजवळचे आहेत तेवढेच राहतात, आणि ताणलेल्यांच्या शेजारी बारके दिसतात. जहाजावर तो नकाशा ठीक होता. शाळेच्या भिंतीवर आला आणि पिढ्यान्पिढ्या पोरांना वाटलं, युरोप मोठा आहे आणि आफ्रिका बेताची. खरं क्षेत्रफळ दाखवणारे नकाशेही आहेत. अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या सरकारी शाळांनी २०१७ साली तसे नकाशे वर्गात लावायला घेतले. २०२५ साली आफ्रिकेतल्या देशांच्या संघटनेनेही मर्केटर बदला या मागणीला पाठिंबा दिला. ज्यांना समासात ढकललं ते आता नकाशा परत काढायला मागताहेत. मला माझा पाचवीचा कागद आठवला.

आता दहावीची पोरं. त्यांचा भूगोल वेगळा आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात ब्राझील आणि भारत हे दोन देश शेजारी शेजारी ठेवून शिकवलेत. प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, सगळं तुलनेने. मी पुस्तकाला नावं ठेवणार नाही, कल्पना चांगली आहे. माझ्या वेळी असतं तर मीही काठावर राहिलो नसतो. पण पोरं मला विचारत होती, "दादा, ब्राझीलच का? आपला त्यांचा काय संबंध?"

संबंध पोत्यावर होता. त्या तुकड्यावर इंग्रजीच्या खाली दुसऱ्या भाषेत दोन शब्द आहेत. ती भाषा पोर्तुगीज. मोझांबिकची सरकारी भाषा पोर्तुगीज आणि ब्राझीलचीही पोर्तुगीज. एक आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत, मधे अख्खा अटलांटिक. मग एकच भाषा कशी? इथून पोरं जी पळत सुटली ती मला आवरेनात.

वास्को द गामा १४९८ च्या मार्चमध्ये मोझांबिकच्या किनाऱ्याला लागला आणि मे महिन्यात कालिकतला. तोच किनारा, तेच वारे. पावसाळ्यात वारा आफ्रिकेकडून आपल्याकडे वाहतो, हिवाळ्यात उलटा. त्या वाऱ्यावर अरब आणि गुजराती व्यापारी शेकडो वर्षं ये-जा करत होते. गामाने वाट शोधली नाही, वाट माहीत असलेला वाटाड्या बरोबर घेतला. पुढे पोर्तुगीजांनी मोझांबिकचा कारभार कुठून चालवला? गोव्यातून! १७५२ सालापर्यंत. आपल्या शेजारच्या गोव्यात बसून आफ्रिकेवर राज्य चाललं होतं, आणि हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं.

फळ्यावर आम्ही शब्द लिहिले: पाव, चावी, बटाटा, बादली, अननस, काजू, आणि शेवटी पगार. सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. पगार म्हटल्यावर सगळी पोरं हसली. प्रत्येकाच्या घरात त्या शब्दाची महिनाभर वाट बघतात.

पण ज्यांनी आपल्याला पगार हा शब्द दिला त्यांनी मोझांबिकमध्ये काय केलं? तिकडे 'शिबालो' नावाची सक्तीची मजुरी होती. गावातून माणसं धरून रस्त्यावर, मळ्यावर, बंदरावर जुंपायची. मजुरी नावापुरती, नाहीतर तीही नाही. घरी आजोबांना विचारा, वेठ म्हणजे काय, येसकराला रात्री-अपरात्री कसं हाकारायचे. ते सांगतील, हे आम्हाला ठाऊक आहे. शिवाय तिकडे माणसांचे दोन वर्ग केलेले. पोर्तुगीज भाषा, पोर्तुगीज चालीरीती, असा सगळा पुरावा देऊन 'सुधारलेला' ठरला तर तो नागरिक. बाकी सगळे नुसते देशी. हा कायदा १९६१ सालापर्यंत होता. माणूस असल्याचा दाखला मागणारे फक्त आपल्याच चावडीवर बसलेले नव्हते.

आणि ब्राझील? आफ्रिकेतून धरून नेलेली सगळ्यात जास्त माणसं ब्राझीलमध्ये उतरवली गेली. उसाच्या मळ्यात, सोन्याच्या खाणीत, कॉफीच्या बागेत. त्यात मोझांबिकची माणसंही होती. अमेरिका खंडात गुलामगिरी सगळ्यात शेवटी संपवणारा देश ब्राझील, साल १८८८. रिओ शहरात वालोंगो नावाचा धक्का आहे. १८११ साली बांधलेला. सुमारे नऊ लाख माणसं त्या धक्क्यावर उतरवली असा अंदाज आहे. पुढे त्यावर दुसरं बांधकाम करून तो गाडून टाकला. २०११ साली बंदराच्या भागात खोदकाम चाललं होतं, तेव्हा ते दगड पुन्हा वर आले. २०१७ मध्ये तो जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला.

हे सांगत होतो तेव्हा एक पोरगा, त्याचा बाप माझ्याच टोळीत आहे, हळूच म्हणाला, "दादा, म्हणजे माणसं पण पोत्यासारखी उतरवली?"

मी हो म्हणालो. मला पुढे बोलता आलं नाही. त्या रविवारी वर्ग तिथंच सुटला.

पुढच्या रविवारी पोरांनीच वाटा काढल्या. काजू मूळ ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो गोव्याला आणला आणि मोझांबिकलाही नेला. तूर मूळची आपल्याकडची, ती समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेली आणि आता पोत्यात भरून परत येते. आणि फक्त पिकंच फिरली असं नाही. मोझांबिकच्या मुक्तिलढ्याचा पहिला नेता एदुआर्दो मोंडलाने. अमेरिकेत शिकून प्रोफेसर झालेला माणूस. १९६९ साली त्याला दार-ए-सलाममध्ये मारलं, ते टपालाने आलेल्या एका पुस्तकातल्या बॉम्बने. सत्ता पुस्तकाला किती घाबरते बघा, की मारायलाही पुस्तकच वापरते. त्यांचा एक मोठा कवी क्राव्हेरिन्या, त्याला तुरुंगात टाकलं. तुरुंग हा शब्दही तिकडूनच आलाय, तोही फळ्यावर लिहून घ्या. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला. तेव्हा शंभरातल्या नव्वदांहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिला राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल १९८६ च्या विमान अपघातात गेला. त्याच विमानात त्याचा सल्लागार आक्विनो द ब्रागांसाही गेला. हा माणूस जन्माने गोव्याचा, बार्देशचा. राज्य करायला गोव्यातून गेले तसे लढायलाही गोव्यातून गेले. पोरांना दोन्ही कळू देत.

आता मुख्य गोष्टीवर येतो. इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, छान, माहितीत भर पडली. माहितीत भर घालण्यासाठी मी रविवारची झोप मोडत नाही.

२०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली, आठवतं ना? आपल्या घरांतून वरण गेलं होतं. मग सरकारने २०१६ साली मोझांबिकशी करार केला: तुम्ही तूर पिकवा, आम्ही घेतो. पाच वर्षांत वाढवत दोन लाख टनांपर्यंत. तिकडच्या शेतकऱ्यांनी तूर वाढवली. तिकडे बहुतेक तूर विकण्यासाठीच पेरतात, आपल्यासारखं रोजचं वरण नाही. इकडे त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, मराठवाड्या-विदर्भात तुरीचे ढीग लागले. २०१७ च्या सुरुवातीला बाजार समितीत रांगा. हमीभाव ५,०५० रुपये क्विंटल, व्यापारी त्याच्या खूप खाली मागत होते. आई ज्याच्या शेतात कापणीला गेली होती तो म्हणाला, तूर विकली की रोज देतो. तूर हमीभावाला विकलीच गेली नाही. आईचे अकरा दिवसांचे रोज बुडाले. त्या साली मी गाव सोडायचं ठरवलं.

मग ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. गावात लोक म्हणाले, बरं झालं. मीही म्हणालो. करारातला माल त्या मर्यादेतून वगळला होता, पण व्यापाऱ्यांनी तिकडची खरेदी आखडली आणि मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला. पिकवली आणि घेणारा नाही. म्हणजे माझ्या आईचे रोज बुडाले त्याच साली, समुद्रापलीकडे, तेवढ्याच अक्षांशाच्या आसपास, कुठल्यातरी बाईची तूरही घरात पडून राहिली असेल. २०२१ च्या मे महिन्यात आयात पुन्हा मोकळी केली. पुन्हा पोती आली. त्यातलं एक माझ्या पायावर फाटलं.

हे सगळं पोरांना सांगितल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, मग त्यांची तूर अडवली तर तुझ्या आईचं भलं आणि सोडली तर त्यांचं भलं. आपण कुणाच्या बाजूचे?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. मोर्च्यात घोषणा द्यायची असती तर दिली असती. पण ती मुलगी घोषणा मागत नव्हती. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघू.

पुढच्या रविवारी आम्ही एका पोत्याचा हिशेब मांडला. शेत, गावचा दलाल, तिकडचा व्यापारी, बंदर, जहाज, आपलं बंदर, आमची टोळी, ट्रक, डाळ मिल, घाऊक, किराणा दुकान, ताट. प्रत्येक ठिकाणी किती हात लागतात आणि कुणाला काय मिळतं. जिथला आकडा मिळाला तिथं लिहिला, मिळाला नाही तिथं घर रिकामं सोडलं. माझ्या टोळीला एका पोत्यामागे काय पडतं तो आकडा मी स्वतः लिहिला. तो बघून वर्ग गप्प झाला, कारण त्याच तुरीचा एक किलो डाळीचा भाव त्यांना ठाऊक होता. मग तीच मुलगी म्हणाली, "दादा, त्या बाईचं आणि तुझ्या आईचं भांडणच नाहीये. दोघींच्या मधे जी एवढी घरं रिकामी आहेत ना, तिथं काय चाललंय ते बघितलं पाहिजे."

माझ्या साथी, तू विचारलंस आफ्रिका कशाला. यासाठी. ही पोरगी उद्या संविधान वाचेल तेव्हा समतेचं कलम पाठ करणार नाही, ती रिकामी घरं शोधेल.

आणि परदेश ही आपल्या चळवळीला नवी गोष्ट नाही. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. तेव्हा पुण्यात आपल्या माणसाला सार्वजनिक हौदावर पाणी मिळत नव्हतं. जोतीबांना कुणी म्हणालं असेल का, अमेरिका कशाला? बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतल्या निग्रोंचे पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिकडच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केला होता, त्याची प्रत मागवली. आपणही तसं करावं का हा विचार त्यांच्या मनात होता. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली. ओकलंड हेही बंदरच. तिची डरकाळी मुंबईत पोचायला सहा वर्षं लागली. १९७२ साली इथल्या पोरांनी तेच नाव घेतलं. ही माणसं नकाशा वाचत होती. आपली बदली लांबच्या देशात व्हावी म्हणून नव्हे, आपल्यासारखा कोण कुठं आहे हे शोधायला.

पण एक इशाराही देतो. लांबचा देश शिकवताना दोन खड्डे असतात. एक दयेचा: बिचारे आफ्रिकी. आपल्याला बिचारे म्हणणाऱ्यांचा आपल्याला किती राग येतो! तोच राग त्यांच्या वतीनेही यायला हवा. दुसरा खड्डा आरतीचा. मोझांबिक स्वतंत्र झालं म्हणून तिकडे सोन्याचा धूर निघत नाही. १९७७ ते १९९२ यादवी युद्ध झालं. मुक्तिलढा लढलेला पक्षच पुढे सत्तेत बसला आणि गरीब गरीबच राहिला. २०१९ च्या मार्चमध्ये इदाई चक्रीवादळाने ते बैरा बंदर उद्ध्वस्त केलं. काजूचे कारखाने होते, ते नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या अटींमुळे बंद पडले, हजारो कामगार रस्त्यावर आले. आणि त्यांचा कच्चा काजू फोडायला कुठं येत होता? भारतात. गिरणगावातल्या माणसाला हे समजायला शब्दकोश लागणार नाही. पण आपल्याकडच्या कुणाची तरी चूल त्यांच्या बंद कारखान्यावर पेटली होती, हेही त्याने समजून घ्यावं.

आता जे इतर वस्त्यांत वर्ग चालवतात त्यांच्यासाठी चार गोष्टी. देशापासून सुरू करू नका, वस्तूपासून करा. घरात असलेली वस्तू, जिच्यावर कुठल्यातरी देशाचं नाव आहे. आधी ती कुणी पिकवली किंवा बनवली हे विचारा, राजधानी नंतर विचारा. पोरांना मोजायला लावा: अंतर, तास, क्षेत्रफळ, मजुरी. आणि घरच्या म्हाताऱ्यांना वर्गात आणा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना पाऊस येतो, वारा येतो, पीक येतं. माझ्या आईने एका वाक्यात गोलार्ध सांगितला. परीक्षा पण विसरू नका. तक्ते पाठ करावेच लागतात, कारण मार्क देणारे अजून तेच आहेत. आपल्या पोरांना मार्कही मिळाले पाहिजेत आणि नकाशाही मिळाला पाहिजे. एकाच्या बदल्यात दुसरं असला सौदा आपल्याला नको.

शेवटचं सांगतो. मागच्या रविवारी मी पोरांना सांगितलं, आपल्या वस्तीचा नकाशा काढा. कुठून सुरुवात करायची ते सांगितलं नाही. एकाने रेल्वे लाइनपासून केली, एकीने संडासाच्या रांगेपासून. आणि त्या सातवीतल्या मुलीने नळ मधोमध काढला. तोच, ज्याला पाणी नाही. त्याच्या खाली तिने लिहिलंय, पाण्याची मुख्य लाइन वस्तीपासून किती पावलांवर आहे. तिने चालून मोजलंय. दोनशे दहा पावलं. मोझांबिकचं अंतर मोजायला शिकली, तीच पट्टी तिने नळाला लावली.

साथी, तुझ्या नळाचं उत्तर तिच्या कागदावर आहे. तो नकाशा मी बरोबर आणलाय. उद्या वॉर्ड ऑफिसात जाणार आहोत, तो टेबलावर ठेवणार आहोत. तूही चल. पोरं येणार आहेत.

जयभीम.